जास्तीचा मर्दपणा

पालीहून आत वळलं की सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, लागतो, आणि सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणी. त्यातल्या एका खाणीवर आत्माराम मुकादम होता. चिरा त्याने जन्मात उचलला नाही. उचलणाऱ्यांना मात्र अशा शिव्या घातल्या, की खाणीवरच्या साळुंक्यासुद्धा शिकल्या असतील. मिशीला खोबरेल, मनगटात कडं आणि तोंडात एकच शब्द, मर्द. भाकरी चांगली झाली तर ती मर्दाची भाकरी. करपली तर सगुणेच्या, म्हणजे बायकोच्या, माहेराचा उद्धार.

शिमग्याच्या खेळ्यांत तो संकासूर व्हायचा. काळा झगा, कमरेला घुंगरं, हातात दोरखंड. पोरं भ्यायची, आणि पोरं भ्याली की ह्याला आपण खरोखरच कोणीतरी आहोत असं वाटायचं. त्याच खेळ्यांत शेजारचा रामा गौळण व्हायचा. आत्माराम त्याला बाराही महिने "काय गो रामाबाय" म्हणून हाक मारी. रामा हसून नांगर खांद्यावर घेई आणि पुढे जाई.

साठी उलटली आणि आत्मारामाची लघवी अडू लागली. काजूच्या झाडामागे गेलेला माणूस किती वेळ तिथेच उभा राही. पण बोलणार कसा? मर्दाला पाठदुखी चालते, दारू चालते, ही जागा दुखलेली चालत नाही. शेवटी मूत अगदीच बंद झालं, तेव्हा गुरासारखा ओरडत रत्नागिरीला गेला.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, थोडा हाडांत उतरलेला. डॉक्टर म्हणाले, "पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. घेतलंत तर बरीच वर्षं काढाल. नाहीतर कणा जाईल, मग पाय जातील."

गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला गेला होता. त्याचा रिपोर्ट बहिणीच्या मुलीने, मनस्वीने, समजावून सांगितला. ती रत्नागिरीत लॅबमध्ये काम करते.

"मामा, तुमच्या खाणीत चिरा फुटका निघाला की त्याच्यावर कोळशाची फुली मारतात ना?"

"मीच मारायचो."

"तशी पेशीतही फुली मारणारी एन्झाइमं असतात. नको असलेल्या प्रथिनावर ती खूण करतात, आणि खूण झालेलं प्रथिन मोडीत निघतं. तुमच्या गाठीत ते फुली मारणारं एन्झाइमच बिघडलंय. पुरुषी हार्मोनचा निरोप ऐकणारं एक प्रथिन असतं, ते मोडायचं तेव्हा मोडत नाही. साठत राहतं, निरोप ऐकत राहतं, आणि गाठ वाढते. म्हणून निरोपच बंद करायचा. त्यासाठी इंजेक्शन."

शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. आत्मारामाने त्यातून काय उचललं, तर तिसऱ्या दिवशी नाक्यावर चहा पिताना तो म्हणाला, "डाक्टर चाट पडलं! माज्यात मर्दपणा जास्ती झालाय. अंगातला मुकादम पण त्येला आवरू शकत नाय!"

आणि नाक्यावरचे बाप्ये हसले नाहीत. त्यांनी माना हलवल्या. एकाने तर विचारलं, "खातोस काय रं तू?"

कॅन्सर छातीवर पदकासारखा मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याकडे हेव्याने बघणारं गावही दुसरं नसावं. इंजेक्शनाचं नाव काढलं की तो मिशीवर हात फिरवी. "मला बाई करायला निघालेत."

सगुणा रडली, उपास धरले, बोलणंही टाकलं. शेवटी रामाला घेऊन आली. रामा पडवीत बसला आणि म्हणाला, "आत्माराम, मी इतकी वर्सं लुगडं नेसलं. सकाळी सोडलं की मी रामाच. चार पोरं झाली मला. आनि तुला एक सुई बाई करनार? येवढाच जीव हाय तुज्या मर्दपणाचा?"

"तुजं काय जातंय रं? तुज्याकडं घालवायला हाय काय?"

रामा उठला. "मर मग," म्हणाला आणि पायात वहाणा सरकवून निघून गेला.

वर्ष गेलं. भात पिवळं पडलं, वाऱ्यावर त्याचा वास घरात येऊ लागला आणि एका सकाळी आत्माराम अंथरुणातून उठला नाही. कमरेखाली पाय होते, पण ते त्याचे नव्हते. कापणी टाकून चौघे आले, खुर्चीत घालून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. पुढची उजवी बाजू रामाने धरली होती. आत्माराम डोळे मिटून होता. वेदनेने की लाजेने, ते त्यालाच ठाऊक.

"मागल्या वर्षी सुरू केलं असतं तर पाय वाचले असते," डॉक्टर म्हणाले. कण्यावर रेडिएशनचे शेक दिले, इंजेक्शन दिलं. नको म्हणायला संकासूर उरला नव्हता. पाय आले नाहीत. जीव तेवढा राहिला.

आता तो पडवीत खाटेवर असतो. इंजेक्शनामुळे अंगातून गरम वाफा निघतात, तेव्हा सगुणा सुपाने वारा घालते. आल्यागेल्याला सांगतो, "कंबरेत उसण भरलीय." इंजेक्शन आणायला ती रत्नागिरीला निघाली की दबक्या आवाजात बजावतो, "कोनाला बोलू नको हां. ताकदीचं औषध म्हनून सांग."

परवा पाली स्टँडवर ती एसटीची वाट बघत होती. हातात बर्फ भरलेला थर्मास, औषध गार ठेवायला. खालच्या वाडीतल्या यमुनाबाईने विचारलं, "काय गो, खयं चाललीस?"

"रत्नागिरीला. ह्यांचं इंजेक्शन आनायला."

"कसलं गो?"

सगुणेने आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका होत्या, पेपर वाचणारे बाप्ये होते. "मर्दपणा कमी करायचं," ती म्हणाली. "प्रोस्टेटचा कॅन्सर हाय ना. वर्सभर मिशी पिळत बसले आनि पाय घालवलं. तुज्या घरचे रातीला मुतायला किती वेळा उटतात गो?"

यमुनाबाई गोंधळली. "उटतात की. सारकेच उटतात. पन ते म्हनतात, वयानं होतं."

"वयानं पन होतं. पन तपासून घे. आयकले नाय तर खाटेवरचा मर्द बघायला घेऊन ये आमच्याकडं."

पेपर वाचणाऱ्या एका बाप्याने पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. एसटी आली. सगुणेने थर्मास पोटाशी धरला, आणि यमुनाबाईचा हात धरून तिलाही वर ओढून घेतलं.

"चल, तिकडं डाक्टरला इचारूनच येऊ."