वजनाला भुललेले दाजी

विचुंब्याचे दाजी तीस वर्षं पनवेलात नळ बसवतायत. दुकानदाराने डबा उघडला की ते चमक बघत नाहीत. नळ तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करतात. जड तो पितळेचा, हलका तो टाकाऊ. बसवून झाला की गिऱ्हाइकाला एकच वाक्य: "पाच वरसांत फुटला, तर माज्या घरचा काढून देईन." तशी वेळ कधी आली नव्हती.

खांदा कॉलनीतल्या अरुंधतीबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांनी मार्चमध्ये लांब मानेचा नळ आणला. दाजींनी तोलला. चांगला जड. बसवला, शब्दही दिला.

जूनमध्ये बाईंचा फोन आला. "दाजी, ओट्याखालचं कपाट पोहायला लागलंय."

दाजींनी कॉक बंद केला, नळ सोडवला. पाना लावताच बुडाचा तुकडा खारी बिस्किटासारखा हातात आला. धातू राखाडी, ठिसूळ. पितळेचा पत्ता नाय. आणि आत चिकटवलेला लोखंडाचा गोळा.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"वजन. माज्यासारख्याला फसवायला."

"म्हणजे कंपनी तुम्हाला ओळखते म्हणायची."

दाजी हसले नाहीत.

"जाऊ दे हो. नळ मीच निवडला होता."

"निवडला तुमी, बाई. पास मी केला."

ते तडक घरी आले. बायको, वेणू, नळाखाली बोंबील धूत होती. त्यांनी मागचा कॉक फिरवला.

"बोंबील तरी धुऊन होऊ दे."

घर बांधलं तेव्हाचा नळ. चकाकी उडून पिवळा पडलेला, पण इतक्या वर्षांत फक्त वायसर बदललेले. दाजी तो सोडवायला लागले तशी वेणू म्हणाली, "आन् आमी काय करायचं?"

"नवा आननार हाय."

"त्यात गोळा नाय कशावरून?"

"फोडून बघीन."

"आन् फोडल्यावर बसवाल काय?"

दाजींनी नळ फडक्यात गुंडाळला.

संध्याकाळी बाईंच्या चकचकीत ओट्यावर तो म्हातारा नळ बसला. बाईंनी उघडला, बंद केला, थांबून बघितलं. थेंब नाही.

"अहो, हा तुमच्या घरचा ना?"

"बोललेलो तुमाला," दाजी म्हणाले आणि त्यांनी पाने पिशवीत भरले.

सकाळी ते दुकानात गेले. या वेळी तळहात पुढे केला नाही. वेणूच्या फ्रिजवरचं लोहचुंबक खिशातून काढून नळाच्या बुडाला लावलं. चिकटलं. दुसऱ्याला लावलं, तिथंही चिकटलं.

"दाजी, एवढं कुणी बघत नाय आता," दुकानदार म्हणाला.

"तिसरा काढ," दाजी म्हणाले. "घरी बादलीवर चाललंय."