मंगळवार पेठेतून समुद्राची वाटणी

परवा मेव्हण्यानं जेवताना विचारलं, "दाजी, तुमच्या ऑफिसात नेमकं चालतं काय?" एकच किस्सा सांगायचा म्हणून सुरुवात केली. ताटातली भाकरी वाळून कडक झाली, तरी मी पहिल्याच वर्षात! आमचं ऑफिसच तसं. मंगळवार पेठेत, एका भांड्याच्या दुकानाच्या माडीवर. आणि काम काय, तर समुद्राचं! कोल्हापुरात!

काम तसं सरळ आहे. किनाऱ्याजवळचा समुद्र आणि खाड्या यांचे भाग पाडायचे. जिथं खारटपणा साधारण सारखा, भरती-ओहोटी सारखी, येणारी घाण सारखी, तो एक भाग. त्याला आम्ही म्हणतो युनिट. पाणी बिघडलं तर कुठं बिघडलं, कुणाच्या गटारानं बिघडलं, ते मग लगेच कळतं. मी नकाशे काढतो, कांबळे मॅडम पाणी तपासतात, बापू जीप चालवतो आणि निकम साहेब टेन्शन घेतात.

पण हे घरमालक तात्यांना कोण समजावणार? एक दिवस ते जिना चढून धापा टाकत वर आले.

"समुद्राच्या वाटण्या करताय म्हणं?"

"व्हय तात्या."

"भाऊभाऊ कोर्टात गेल्यात काय?"

"न्हाय हो. समदं सरकारचंच हाय."

तात्या जिन्याकडं वळले. जाताना म्हणाले, "मग एकत्रच बरं हाय की! उगं कशाला घर फोडताय?"

*

समुद्रावर जायच्या आधी साहेब म्हणाले, प्रॅक्टिस करू. म्हणून कळंब्याच्या तलावाचे तीन भाग केले. काठावर बांबू रोवून झेंडे लावले: अ, ब, क. बास, एवढंच.

दोन-चार दिवसांनी झेंडे काढायला गेलो, तर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत जुंपलेली! एक आजोबा नेहमीच्या बाकावर बसायला गेले, तर तिथला ग्रुप म्हणतोय, "ओ पावणं, ह्यो 'ब' हाय. तुमी 'अ' मधलं!" एक काकू सगळ्यांना बजावत होत्या, "'क' मध्ये जाऊ नका, तिथली हवा बरी न्हाय, सरकारनं झेंडा लावलाय."

बापू बांबू उपटायला लागला, तशी सगळी मंडळी एकजुटीनं आमच्यावरच धावून आली. "आधी बाकड्याचा निकाल लावा, मग झेंडं काढा!"

*

निकम साहेबांचे वडील, आण्णा, जुने पैलवान. उभ्या जन्मात समुद्र बघितलेला नाही. साहेबांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. एका फेरीला त्यांनी आण्णांना जीपमध्ये घेतलं.

किनाऱ्यावर आण्णा नुसते उभे. पटका हातात, डोळे भरलेले. साहेबांचा ऊर भरून आला. हात लांब करून म्हणाले, "आण्णा, त्या खडकापासनं ह्या खाडीच्या तोंडापर्यंत युनिट सहा. माझं काम."

"आन त्येच्या पलीकडं?"

"पलीकडचा खोल समुद्र आमच्याकडं नाही."

आण्णांचा चेहरा पडला. "का? तुला दिला न्हाय?"

"तसं नाही आण्णा, आमच्याकडं काठाचंच..."

संपलं! घाट चढून येईपर्यंत आण्णा खिडकीतून बाहेर बघत धुमसत होते. "एवढं पाणी पडलंय तिथं, आन माझ्या पोराला नुसता काठ! सांग तुझ्या सायबाला, मी येतो म्हणावं भेटायला!"

*

कांबळे मॅडमचा किस्सा तर आख्ख्या घाटाला माहीत आहे. पाण्याचे नमुने घेऊन आम्ही वर येत होतो. गोव्याकडची दारू पकडायला वाटेत एक तपासणी नाका असतो. तिथल्या जवानानं जीपमधल्या बाटल्या बघितल्या आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"काय हाय ह्यात?"

"पाणी," मॅडम म्हणाल्या.

"ह्या रस्त्यानं येणाऱ्या समद्यांच्या बाटलीत पाणीच असतंय, म्याडम!"

मॅडम "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यानं बूच काढून मोठा घोट घेतला.

"खारट हाय!"

"युनिट चार," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गटाराच्या तोंडाशी घेतलंय."

तो जवान रस्त्यातच खाली बसला. बापूनं त्याला चूळ भरायला पाणी दिलं, तर ते घ्यायलाही तयार नाही! "हे कुठल्या युनिटचं?" म्हणून विचारतोय!

पण मॅडमचा राग वेगळाच. "माझं सॅम्पल उष्टं केलंत!" जीप माघारी फिरवून, घाट उतरून, त्यांनी नमुना परत घ्यायला लावला. वर आलो तेव्हा फाटक आधीच उघडलेलं. जवान लांबूनच हात जोडून उभा. "जावा म्याडम, जावा!"

*

एका खाडीच्या दोन काठांवर दोन गावं. एका लग्नातल्या मानपानावरून बोलचाल बंद. पाणी एकच, म्हणून आम्ही दोन्ही गावं एका युनिटात घातली आणि नकाशावर आकड्यापुढं दोन्ही नावं जोडून लिहिली. बैठकीत दोन्हीकडची माणसं आली आणि पाठीला पाठ लावून बसली.

साहेबांनी कळकळीनं सांगितलं, "दिवसातून दोनदा भरती येते. तुमचं पाणी त्यांच्याकडं जातं, त्यांचं तुमच्याकडं येतं. घाण थांबवायची तर दोघांनी मिळून थांबवायला हवी. नाहीतर शिंपल्यातल्या तिसऱ्या संपतील, मासळी जाईल."

एक म्हातारे उठले. "सायबानू, पाणी मिसळता तर मिसळांदे. नावां मिसळूक नकोत!"

आणि नवल म्हणजे पलीकडच्या गावानं टाळ्या वाजवल्या! कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोन्ही गावांचं एकमत झालं, ते ह्याच मुद्द्यावर. त्या आनंदात दोघांनी आपापली गटारं खाडीत सोडायची नाहीत असंही कबूल केलं. मी नकाशावर त्या युनिटाला नुसता आकडा दिला.

*

आता शेवटचा. हा सांगितला की लोक मला खोटारडा म्हणतात, म्हणून साक्षीला बापूला बोलवा.

युनिट सातची हद्द दाखवायला आम्ही समुद्रात एक केशरी पिंप नांगरून ठेवलं होतं. त्यावर बापूनं स्वतः ऑइलपेंटनं लिहिलेलं: "युनिट ७. हाद्द. हालवू नये." शुद्धलेखन बापूचं. पुढं वादळ झालं आणि पिंप गेलं. खूप शोधलं. साहेबांना वर उत्तर द्यावं लागलं, बिचारे आठवडाभर जेवले नाहीत नीट.

वर्षभरानं रिपोर्ट मंजूर झाला, म्हणून सगळे जोतिबाला गेलो. दर्शन घेऊन परतताना बापू एकदम थांबला. एका दुकानाच्या दारात केशरी पिंप. गळ्यापर्यंत गुलालानं भरलेलं. आणि वर लिहिलेलं: "युनिट ७. हाद्द. हालवू नये."

डोंगराच्या माथ्यावर! समुद्र कुठं, जोतिबा कुठं!

साहेब पुढं झाले. "मालक, हे पिंप कुठनं आणलं?"

"आणतोय कुठनं? हितंच हाय. आमच्या बापाच्या वक्तापासनं."

"अहो, हे आम्ही परवा परवा समुद्रात सोडलेलं! हे बघा, आमच्या ह्या बापूचं अक्षर!"

दुकानदारानं साहेबांकडं बघितलं. बापूकडं बघितलं. मग वाकून, गुलाल पुसून, बोट फिरवत एक एक अक्षर वाचलं.

"हालवू नये," तो म्हणाला. "मग? आमी कुठं हालवलंय?"