रिलीव्हर आल्याशिवाय

देवाजी मेंढे यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात छत्तीस वर्षं क्रेन चालवली. एवढ्या वर्षांत ते ड्यूटीवर एक मिनिट उशिरा गेले नाहीत, हे कारखान्यातलं कोणीही सांगेल. आणि निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत ते एक दिवसही वेळेवर फिरायला गेले नाहीत, हे सिंधुताई सांगतील. त्या बायको असल्यामुळे न विचारताही सांगतात.

सकाळच्या ए शिफ्टला पाचच्या आत सायकलवर टांग टाकणारा हा माणूस स्मृति नगरच्या घरात राहायला आला आणि आठ वाजता उठू लागला. पोट पुढे आलं, जिना चढताना दम लागू लागला. नोव्हेंबरात डॉक्टर वंदनांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "मेंढेजी, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ आहे. आता रोज पाऊण तास चालायचं. फेब्रुवारीत परत तपासू. तेव्हा उतरली नसेल, तर इन्सुलिनची सुई सुरू."

लालभडक लोखंडाचे ठोकळे डोक्यावरून वाहून नेताना ज्याचा हात हलला नाही, तो माणूस सुई म्हटली की डोळे मिटून भिंतीकडे तोंड करतो. घराच्या दारात पाऊल ठेवताच देवाजींनी जाहीर केलं, "उद्यापासून फिरणं चालू!"

उद्या काही येईना. आधी बूट नव्हते. म्हणून सुपेल्याच्या बाजारात जाऊन पांढरे बूट आणले. मग ते चावू लागले. चावायचे थांबले तेव्हा थंडी वाढली. शेवटी एके दिवशी देवाजी खरंच निघाले, अर्धा किलोमीटर चालले आणि चौकातल्या हॉटेलात पोहा-जिलेबी खाऊन रिक्षाने परतले. "मेहनत केली तं अंगात काही जायले नको काय?" असं वर विचारलं. पुढे ते बूट फक्त लग्नाकार्यात दिसू लागले.

मुलगा पीयूष रायपूरला. सून अपेक्षा हुशार. भेटीला आली तेव्हा तिने सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं. पहिल्याच दिवशी आठ हजार पावलं! दुसऱ्या दिवशी नऊ! अपेक्षाने रायपूरहून फोन करून अभिनंदन केलं. सिंधुताईंना मात्र कोडं पडलं, कारण नवरा संडासापलीकडे गेलेला त्यांनी पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं, तर देवाजी टीव्हीसमोर बातम्या ऐकत बसलेले आणि हातातला मोबाइल खुळखुळ्यासारखा हलवत होते.

"हे काय करून राहिले जी?"

"पावलं पुरी करून राहिलो," देवाजी शांतपणे म्हणाले.

आता देवाजींना आळशी म्हणायचं, तर ते खोटं ठरेल. आळशी माणूस छत्तीस वर्षं रात्रपाळ्या करत नाही. खरी गोष्ट अशी की आपण जगात सगळ्यात जास्त कोणाला फसवत असू, तर स्वतःला. दुसऱ्याला दिलेला शब्द मोडताना कान तापतात. स्वतःला दिलेला शब्द मोडला तर तक्रार करणार कोण? मी स्वतः तीनदा योगासनांची चटई विकत घेतली आहे, त्यामुळे मला देवाजींना हसण्याचा अधिकार नाही. तरी हसतो.

डिसेंबर लागला. फेब्रुवारीची तारीख सिंधुताईंनी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. एका सकाळी त्यांनी नवऱ्याच्या अंगावरचं ब्लँकेटच घडी करून कपाटात ठेवलं, तेव्हा देवाजी कुरकुरत कॉलनीच्या मैदानापर्यंत गेले. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर एक म्हातारा हातात काठी घेऊन बसला होता. कानटोपीतून फक्त नाक दिसत होतं, पण ते नाक देवाजींनी ओळखलं.

"नरहरी?"

"देवाजी! अबे, तू इथं राहतं?"

नरहरी कापगते. बावीस वर्षं देवाजींनी ज्याच्या हातून क्रेन घेतली तो माणूस. त्यांची शिफ्ट अशी लागायची की नरहरीची ड्यूटी संपली की देवाजींची सुरू. कारखान्यात पुढच्या पाळीचा माणूस म्हणजे रिलीव्हर. तो आल्याशिवाय क्रेनवरचा माणूस खाली उतरत नाही, मग घरी लग्न असो की मयत. रिलीव्हर आला नाही तर डबल ड्यूटी. म्हणून रोज दहा मिनिटं, तापलेल्या केबिनमध्ये, दोघं भेटायचे. एक सांगायचा, "ब्रेक ठीक, घंटी ठीक, हूक जरा भारी चालते." दुसरा म्हणायचा, "चार्ज घेतला." बस्स. बावीस वर्षांत दोघांनी एकत्र बसून एकदाही जेवण केलं नव्हतं, तरी एकमेकांच्या पोरांचे मार्क त्यांना पाठ होते.

नरहरीला लकवा मारून गेला होता. डावा पाय ओढत चालायचा. "डॉक्टरनं अर्धा घंटा सांगितलं," तो म्हणाला. "साडेपाचले येतो. सहा वाजेपर्यंत पाय जवाब देते. तू सहाले येजो. मी तुले चार्ज देतो अन् घरी जातो. पहिल्यासारखं."

"पक्कं!" देवाजी हसत म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मस्त झोपले.

त्या दिवशी दूधवाला आला नाही, म्हणून आठ वाजता सिंधुताईंनी त्यांना दुधाला पिटाळलं. देवाजी मैदानाच्या कडेने निघाले तर आत नरहरी. काठी टेकत, पाय ओढत, टाकीला वळसा घालून येत होता. थोडं चालायचा, बाकाला धरून उभा राहायचा, पुन्हा चालायचा.

"अरे, तू आतापर्यंत इथंच?"

नरहरी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. कपाळाचा घाम पुसून तो म्हणाला, "रिलीव्हर नाही आला ना. पोस्ट कशी सोडू?"

देवाजींचे कान कारखान्यातल्या भट्टीसमोरही तापले नसतील एवढे तापले. लुळ्या पायाच्या माणसाला आपण डबल करायला लावली! छत्तीस वर्षांत जे घडलं नव्हतं ते आज झालं, आणि तेही आपण ब्लँकेटात पाय गुंडाळून पडलो होतो म्हणून. त्यांनी दुधाची पिशवी बाकावर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, "चार्ज दे."

"दोन कुत्रे टाकीखाली झोपून आहेत. नळ गळून राहिला, तिकडं चिखल आहे. बाकी ठीक."

"घेतला."

त्या दिवशी देवाजींनी चपलेवर पाऊण तास फेऱ्या मारल्या. घरी दूध पोचलं साडेनऊला, चहा झाला दहाला, आणि चहा पिता पिता त्यांनी नरहरीचं सगळं सिंधुताईंना सांगितलं.

त्यानंतर गजर न लावता देवाजी साडेपाचला उठू लागले. सहाला पाच कमी असताना मैदानात हजर. सर्दी झाली तरी जायचे. फेऱ्या कमी मारायचे, पण चार्ज घ्यायचेच. उठताना मन कुरबुर करायचं, नाही असं नाही. पण थंडीत एक माणूस पाय ओढतो आहे आणि तो आपण गेल्याशिवाय घरी जाणार नाही, एवढं आठवलं की ब्लँकेट आपोआप बाजूला व्हायचं. "अन् तुह्या मागं कोण?" असं नरहरीने एकदा विचारलं. देवाजी म्हणाले, "माह्या मागं शटडाऊन. क्रेनच बंद." दोघं खूप हसले.

जानेवारी सरता सरता पँट ढिली झाली. जिन्यावर दम लागेना. आणि नेमका तेव्हाच नरहरी दोन महिन्यांसाठी नागपूरला मुलीकडे निघाला. जाताना त्याने रीतसर चार्ज दिला. कुत्र्यांना आता तीन पिल्लं होती, नळ तसाच गळत होता.

तपासणीला वीस दिवस उरले होते. पहिल्या दिवशी धुकं होतं, देवाजी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं, पण पडेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साखर तं उतरलीच असंल, आता काहून मरमर करू?" सिंधुताईंनी कॅलेंडरवरच्या लाल गोलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या कणीक मळायला गेल्या.

चौथ्या दिवशी देवाजी उठले तेव्हा पावणेसात वाजले होते. उशाशी चहा नव्हता. स्वयंपाकघरात अंधार, ओटा थंडगार. दुधाची पिशवी फाटकालाच लटकलेली. "सिंधू!" त्यांनी हाक मारली. "पीयूषच्या माय!" कोणी ओ दिली नाही. दाराशी तिच्या चपला नव्हत्या. अंगावर शाल टाकून देवाजी रस्त्यावर आले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मैदानाकडे पळत सुटले. हो, पळत. आपण पळतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सिंधुताई टाकीला वळसा घालून येत होत्या. डोक्यावरून पदर, वर स्वेटर, पायात झिजलेल्या चपला. एक हात गुडघ्यावर.

"अवं, कव्हाची आली तू?"

"साडेपाचले."

"अन् आतापर्यंत?"

"रिलीव्हर नाही आला ना," सिंधुताई म्हणाल्या. "पोस्ट कशी सोडू?"

देवाजींना हसावं की रडावं कळेना. "अवं, पण तुह्ये गुडघे दुखतात ना!"

"दुखतात तं. चाळीस वर्षं झाले, ड्यूटीवरच आहेत. त्याईले कोणता रिलीव्हर भेटला आतापर्यंत?"

हे त्या भांडून बोलल्या नाहीत. नळाला पाणी आलं, भाजी महाग झाली, असं सांगावं तसं बोलल्या. म्हणून देवाजींना ते जास्त लागलं. ए शिफ्टला डबा हवा म्हणून चारला उठणारी हीच. बी शिफ्टहून अकराला घरी आलं की ताट गरम करणारी हीच. सी शिफ्ट करून दिवसा झोपलं तर लेकराचा आवाज होऊ नये म्हणून भर उन्हात त्याला घेऊन बाहेर बसणारीही हीच. क्रेनला तीन माणसं होती. घराला एकच. आणि तिच्या हातून चार्ज घ्यायला आपण एकदाही गेलो नाही. बाकावर बसून देवाजींनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. धुकं नव्हतं, त्यामुळे धुक्याचं कारणही देता येईना.

"चार्ज दे," ते म्हणाले.

"दूध तापवायचं आहे. कणीक मळायची आहे. नळ साडेसातले जाते, त्याच्या आंधी दोन ड्रम भरायचे."

"हा तं घरचा झाला!"

"मंग? मैदानाचं काय बिघडलं आहे?"

"घेतला," देवाजी म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी आधी सहा फेऱ्या मारल्या, तोवर सिंधुताई बाकावर पाय लांब करून बसल्या. मग घरी जाऊन देवाजींनी दूध उतू घालवलं आणि कणकेत पाणी जास्त टाकलं. संध्याकाळी सुपेल्याला जाऊन बायकोच्या मापाचे बूट आणले. दुसऱ्या दिवसापासून घरात नवं शेड्यूल लागलं. साडेपाच ते सव्वासहा देवाजी मैदानात. सव्वासहाला बूट घालून सिंधुताई येणार, चार्ज घेणार. मग देवाजी घरी जाऊन ओट्यापाशी. आता कोणालाच दांडी मारता येईना. देवाजी गेले नाहीत तर सिंधुताईंना चार्ज देणार कोण? आणि सिंधुताई आल्या नाहीत तर देवाजी घरी परतणार कसे?

फेब्रुवारीत डॉक्टर वंदनांनी रिपोर्ट दोनदा वाचला. साडेसात. "सुई नको," त्या म्हणाल्या. "असंच चालू ठेवा. पण एवढी उतरवली कशी?"

"ड्यूटीले दोन माणसं लागतात मॅडम," देवाजी म्हणाले. "एकट्यानं क्रेन नाही चालत."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सिंधुताई मैदानातून परतल्या आणि दारातल्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. देवाजींनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, स्वतःचा बिनसाखरेचा खिडकीत ठेवला, आणि पीठ लागलेल्या हातांनी ताठ उभे राहून म्हणाले, "दूध तापलं. ड्रम भरले. कणीक भिजली, जरा सैल आहे. घे चार्ज." आणि लाटणं पुढे केलं.

सिंधुताईंनी चहाचा घोट घेतला. लाटण्याकडे पाहिलं. पाय लांब केले.

"मी आताच ड्यूटी करून आली," त्या म्हणाल्या. "डबल नाही करणार. रिलीव्हर येईपर्यंत तुमीच थांबा."