आधी पाटी, मग फोन

नेवाशाजवळच्या आरोग्य केंद्रातल्या त्या नर्सबाई फोन उचलण्याआधी रुग्णाची नाडी, ताप आणि श्वास पाटीवर खडूने लिहून घेत. नगरची लाइन कधी तुटेल याचा नेम नसे. म्हणून तिकडच्या डॉक्टरांना आधी पाटी वाचून दाखवत. नमस्कार शेवटी, तोही लाइन शिल्लक असली तर.

एका दुपारी धाप लागलेलं दोन वर्षांचं पोर आणि रक्तस्राव न थांबणारी बाळंतीण पाठोपाठ आली. केंद्राचे डॉक्टर शिबिराला गेलेले, आणि नगरला न्यायला जीप एकच.

"बाई, आमी आधी आलो," पोराचा बाप म्हणाला.

"व्हय दादा. पन पाटी भरू द्या."

घड्याळावर नजर ठेवून त्यांनी पूर्ण मिनिटभर पोराचे श्वास मोजले, मग पुन्हा एकदा. मग फोन लावून आधी बाळंतिणीचं सांगितलं, नंतर पोराचं वाचलं.

"श्वास पन्नास. छाती आत ओढली जात नाही. पाणी पितोय."

नगरच्या डॉक्टरांनी औषध सांगितलं आणि पोराला तिथंच ठेवायला सांगितलं. जीप बाळंतिणीला घेऊन गेली.

"माझ्या पोराला काय झालं तर?" बाप ओरडला.

बाईंनी पाटी त्याच्याच हातात दिली. "मी मोजते, तुमी लिहा. वाढले की लगेच फोन."

जीपच्या टंचाईची बातमी करायला गेलेला मी वही उघडायचं विसरलो.

सकाळी पुन्हा गेलो. बापाच्या वेड्यावाकड्या अक्षरातला श्वासांचा शेवटचा आकडा अडतीस होता. तेवढ्यात नगरहून फोन आला. बाळंतीण वाचली होती. बाई पाटी पुसायला गेल्या, तर बाप ती सोडेना.