बावीस नंबरची बाळंतीण

शशिकांत देवपुजारींना कुणाला विचारून काही करायची सवय नव्हती. अमेरिकेत सनीव्हेलमध्ये तीस वर्षं चिप डिझाइन केली, तीही वरिष्ठांना फारसं न जुमानता. लेक केया जन्मली तेव्हा नागपूरहून कुणाला यायला व्हिसा मिळाला नाही, तर या गृहस्थांनी स्वतःच डिंकाचे लाडू वळले. पाक चुकला, लाडू फुटता फुटेनात. बायकोने मुकाट्याने खाल्ले. तेव्हापासून बाळंतिणीला काय लागतं ते आपल्याला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्याच केयाने मिसुरीत जमीन भाड्याने घेऊन मांसासाठीच्या गाई पाळल्या, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. बापलेक तो विषय टाळत. एप्रिलमध्ये ते तिच्याकडे राहायला आले आणि बघतात तर चाळीस काळ्याभोर गाई, बहुतेक नुकत्याच व्यालेल्या, वाळकं गवत चघळतायत. तारेपलीकडे पोटरीइतकं हिरवंगार कुरण. ओल्या बाळंतिणींना वाळका चारा! त्यांचा जीव तुटला.

शुक्रवारी केया दोन दिवसांसाठी वळूंच्या लिलावाला गेली. “फक्त पाणी बघ, बाबा. बाकी काही करू नकोस,” असं बजावून गेली. बाबांनी तासाभरात कुरणाचं फाटक उघडलं. गाई आत उधळल्या. शशिकांतरावांना फार बरं वाटलं.

रविवारी दुपारी केयाची गाडी आली. उघडं फाटक बघून ती धावतच सुटली. कानात बावीस नंबरचा बिल्ला असलेली गाय कुशीवर पडून पाय झाडत होती. तोंडाला फेस, पापण्या फडफडत होत्या. पाच दिवसांचं वासरू तिच्या कासेला ढुशा देत होतं.

“इतकं चांगलं खायला घातलं मी...” शशिकांतराव म्हणाले.

“कोवळ्या गवतात पुरेसं मॅग्नेशियम नसतं, बाबा! अंगात जे होतं ते दुधातून गेलं. आधी मॅग्नेशियमचं मीठ खायला घालून दोन वीक्सनी सोडणार होते मी त्यांना.”

जनावरांचा डॉक्टर दीड तासावर होता. सुरू कर, मी निघालो, असं तो फोनवर म्हणाला. केयाने गाईच्या मानेतल्या शिरेत सुई घातली आणि नळीने जोडलेली मॅग्नेशियमच्या औषधाची बाटली वडिलांच्या हातात दिली. “माझ्या खांद्याच्या लेव्हलला धर. वर नको. फास्ट गेलं तर हार्ट बंद पडेल. आणि बोलू नकोस, आवाजाने तिला परत झटके येतील.”

ती गाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावून गुडघ्यांवर बसली. शशिकांतरावांनी बाटली धरून ठेवली. औषध थेंबाथेंबाने उतरत होतं, आणि बाटली उंच करावी, एकदाचं सगळं आत जाऊ द्यावं, असं त्यांना अनावर वाटत होतं. नकळत हात वीतभर वर गेला.

“खाली! बाबा, खाली!” केया दबक्या आवाजात ओरडली. “ठोके स्किप होतायत.”

त्यांनी बाटली झटकन गाईच्या पाठीजवळ आणली. आपणच मारली हिला, एवढंच त्यांच्या मनात होतं. केया ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने तिने नुसती मान डोलावली, आणि बाटली पुन्हा खांद्याशी आली.

बाटली रिकामी व्हायला वीस मिनिटं लागली. सुई काढून केयाने वडिलांना दंडाला धरून मागे खेचलं, कारण शुद्धीवर येताना गाय अंगावर धावून येऊ शकते. दहा मिनिटं गाय उठली नाही. मग पाय थांबले, मान उचलली गेली, आणि ती धडपडत उभी राहिली. वासरू लगेच कासेला लागलं.

केयाने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. ती कुरणाकडे बघत होती. उरलेल्या एकोणचाळीस गाई तेच हिरवं गवत शांतपणे खात होत्या.

शशिकांतरावांना कितीतरी सांगायचं होतं. ते सगळं गिळून ते म्हणाले, “केया, मी आता काय करू? तू सांग.”

ती वळली. सदतीस वर्षांत बाबांनी तिला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. तिचे डोळे भरून आले, पण वेळ नव्हता.

“माझ्या मागून चल,” ती म्हणाली. “हळू. सगळ्यांना बाहेर काढायचंय.”

ते तिच्या मागून चालू लागले.