दर्शनी खिडकीतले सेल

नाना गेल्याचा फोन माझ्या जळगावच्या वसतिगृहात आला, तेव्हा त्यांना सांगायची एक गोष्ट मी दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवली होती...

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पारोळ्यात त्यांचा दिवस ट्रान्झिस्टरच्या बातम्यांनी सुरू होई. आवाज खोल गेला की ते सेल काढून दर्शनी खिडकीत उन्हात मांडत. ते पापडासारखे उलटवण्याचं काम लहानपणी माझ्याकडे असे. गल्लीतले लोकही बॅटरीचे सेल आणून देत, ‘नाना, मन्हा बी ठेवा.’ बारावीत असताना, त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, ‘नाना, उन्हानं सेल भरत नाहीत. हा निव्वळ अडाणीपणा आहे.’ शेजारचे भिकाआबा खो खो हसले. ‘घ्या नाना, पोरनी तुम्हनी शाळा लिधी!’ नाना एवढंच म्हणाले, ‘पोर शिकेल शे. तिले माहीत.’ त्यांनी सेल धोतराच्या सोग्यात गोळा केले. पुढे ती खिडकी रिकामीच राहिली आणि मी तो माझा विजय मानला.

यंदा प्रयोगशाळेत एक उतरलेला सेल मी छोटा दिवा जोडून दोनदा मोजला, आधी थंड आणि मग तापवून. दुसऱ्या वेळी व्होल्टमीटरचा काटा वर सरकला. सेल भरत नाही, हे खरं. परंतु उबेनं आतली रासायनिक क्रिया वेग घेते आणि थोडा वेळ त्याला जोर येतो. नानांचं निरीक्षण अचूक होतं. पत्रानं कळवता आलं असतं. परीक्षेनंतर पाहू, असं मी ठरवलं.

दहाव्याला अक्का, माझी काकू, सांगत होती, की नानांनी सेल तापवणं सोडलंच नव्हतं. ते न्हाणीमागच्या दगडावर ठेवत. मी सुट्टीला आले की खिशात लपवत. ‘तू हासशी म्हनीसन...’

त्यांच्या कोटाच्या खिशात दोन सेल निघाले. आतलं रसायन पाझरून दोन्हींच्या तोंडाशी पांढरा थर जमला होता. आता कोणत्याही उन्हाचा त्यांना उपयोग नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते दर्शनी खिडकीत मांडले.

‘काय वं माय, सेल भराई ऱ्हायनात का?’ ओट्यावरून भिकाआबांनी विचारलं.

‘भरत नाहीत, आबा. पण चांगले असले तर तापवल्यावर थोडा वेळ चालतात. नानांचं बरोबर होतं.’

आबा हसले नाहीत. ‘हाई नानासले सांगेल व्हतं का?’

मी सेल उलटवले.