नगर सांभाळा!

अठराव्या शतकातल्या लंडनहून थेट अमिरातीतल्या अल ऐनला उतरलेला मराठी माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझा साडू. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या गृहस्थांचा जीव त्या काळच्या इंग्रजी शोकांतिकांवर जडलेला. सत्ताधाऱ्यांना थेट बोलायची चोरी, म्हणून सगळं रोममध्ये घडवायचं आणि एका वीराने स्वातंत्र्य, स्वातंत्र्य करत प्राण सोडायचे. बिर्याणी वाढून घेताना साडू सांगत, "साडूभाऊ, खरं नाटक खाली खुर्च्यांत! स्वातंत्र्याचं वाक्य आलं की एक पक्ष टाळ्या वाजवणार, 'हे आमचंच' म्हणून. मग दुसरा त्याहून जोरात!" दुबईला त्यांच्या गाडीतून जाणं म्हणजे तर वाटभर पाचही अंक ऐकणं.

त्या वर्षी आमचं मराठी मंडळ फुटायला आलं होतं. अध्यक्ष खुर्ची सोडेनात, विरोधक वेगळा गणपती बसवायला निघालेले. साडूंनी पाडव्याच्या कार्यक्रमासाठी एक रोमन शोकांतिका मराठीत लिहिली. वीराच्या भूमिकेत विरोधकांपैकी एक, नाटकातल्या त्याच्या मुलीच्या भूमिकेत अध्यक्षांची सून, आणि जुलमी सम्राट मी. पोट तयार होतंच, बायकोने फक्त चादर दिली. "बाबा, यू आर द बॅड गाय?" लेकीने विचारलं. आई हसली, तेवढं उत्तर तिला पुरलं.

"एकाच्या मर्जीने जगण्यापेक्षा मरण बरं!" वीर गरजला. विरोधकांनी अध्यक्षांकडे बघत टाळ्या पिटल्या. वाक्य आपल्याला लागलं असं दिसणं परवडणारं नव्हतं. अध्यक्षांनी खूण केली, त्यांची माणसं दुप्पट जोरात. मग वन्स मोअर! वीराचं शेवटचं वाक्य, "येतो मी, माझं नगर सांभाळा," त्या गदारोळात कुणाला ऐकूच आलं नाही.

"सर, त्यांना बरोबर हाणलंत!" दोन्ही गट साडूंना वेगवेगळं गाठून म्हणाले. "तुम्हाला कळलं, बास," साडू दोघांनाही म्हणाले. गणपतीत पुन्हा प्रयोग हवाच, असा दोघांचाही हट्ट. पण वीर यांचा, मुलगी त्यांची, फुटणार कसे? गणपती एकच बसला.

साडू तेवढे हिरमुसलेले. "शोकांतिका लिहिली हो मी. एकाच्या तरी डोळ्यांत पाणी?"

निवृत्त होऊन ते पुण्याला निघाले, तेव्हा विमानतळावर दोन्ही गट हजर. साडूंनी ट्रॉली थांबवली, हात उंचावला. "येतो मी. माझं नगर सांभाळा!"

सवयीने सगळ्यांचे हात वर आले, पण टाळी कुणालाच वाजवता येईना. अध्यक्ष चष्मा पुसत होते. माझं विचारू नका, मी सम्राट.

साडूंनी सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली.

"जमली हो साडूभाऊ," ते हळूच म्हणाले आणि मागे न बघता आत गेले.